मी रग्बीचा संघ निवडतो

माझ्या मुलीला कॉलेजच्या रग्बी संघातून मी स्वतः बाहेर काढलं. तेही हात जोडून, हसतमुखाने.

आधीच सांगतो, मला रग्बी कळत नाही. (हे वाक्य वेळेवर बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं!) मूळचा मी सांगोल्याकडचा, नोकरीला सोलापुरात. पल्लवी संघात शिरली आणि तिला आणायच्या निमित्ताने रोज संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला उभा राहू लागलो. तिथे आणखी दोन बाप असत. एक सलमाचे वडील जब्बारभाई. दुसरे अक्कलकोटचे बंडप्पा, ज्यांची अंबिका समोरच्या पोरीला उचलून बाजूला ठेवायची. आम्हा तिघांत मिळून रग्बीचा एकच नियम ठाऊक होता: पळायचं पुढे, पण चेंडू हाताने टाकायचा मागे.

"पुढं जायचंय तर मागं कशाला टाकायचा?" मी.

"मागं टाकला की मागची पुढं येती की हो," बंडप्पा.

"मग पुढची मागं ऱ्हाती, तिचं काय?"

"वो फिर पीछे से आगे आती भाई!" जब्बारभाई.

यावर तिघेही मैदानाकडे बघू लागलो. कोण पुढे आणि कोण मागे, हे तिघांनाही समजेनासं झालं होतं.

एवढ्या भांडवलावर आम्ही रोज संघ निवडायचो! रविवारी कोल्हापूरच्या संघाशी सामना होता. तयार पोरी आठ, खेळणार सात. अंबिका मधी पायजे, सलमा कडेला पायजे, पल्लवीबिगर तर जमणारच न्हाय, असा तासभर आरडाओरडा करून आम्ही आठच्या आठ पोरी त्या सात जागांत बसवून दाखवायचो.

गुरुवारी शिकवणाऱ्या मॅडम वही घेऊन थेट आमच्यासमोर आल्या. बाई ओडिशाच्या. मराठी शिकलेल्या, पण पुस्तकावरून.

"आपण रोज चर्चा करता. माझा निर्णय होत नाही. सांगा, बाहेर कोण बसेल?"

आता आपल्याकडची रीत बघा. पंगतीत वाढणारा आला की आपण ताटावर आडवा हात धरून "नको, नको" म्हणतो. वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारून दोन पोळ्या टाकायच्या असतात. माझी सगळी हयात या भरवशावर गेलेली.

मी म्हणालो, "आमचीच बसवा की मॅडम. घरचीच हाय."

यावर मॅडमनी "छे छे, पल्लवीशिवाय कसं होईल?" म्हणायचं होतं. मग मी पुन्हा नको म्हणणार, जब्बारभाई मध्ये पडणार आणि तिसऱ्या खेपेला मी नाइलाजाने कबूल होणार!

मॅडम म्हणाल्या, "धन्यवाद." आणि पल्लवीच्या नावावर काट मारली.

घरी बायको म्हणाली, "आवो, त्या बाईनं भात वाढला व्हता व्हय, नको म्हणायला?"

वर्षभर पहाटे पाचला उठून, कोपरं सोलून घेऊन पल्लवीने ती जागा कमावली होती. तिने ताट सरकवलं आणि उठून गेली. ती भांडली असती तर मला जेवण तरी गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर मी दोघांना गाठलं. "माझी पोरगी चांगली खेळती, तिला घ्या," असं बापानेच कसं म्हणायचं? म्हणून मी योजना आखली. "तुमी आग्रह करा. मी नको म्हणतो. मग तुमी दाबून आग्रह करा. मग मी बरं म्हणतो." दोनदा तालीमही झाली. (दुसऱ्या तालमीत बंडप्पांचे डोळे पाणावले!)

मैदानावर जब्बारभाईंनी जोरात सुरुवात केली. "मॅडम, पल्लवी को बाहर नक्को बिठाओ!"

"मग कोणाला बसवू?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. जब्बारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, बंडप्पांकडे पाहिलं आणि त्यांच्यातला भला माणूस जागा झाला. "हमारी सलमा को बिठाओ!"

मॅडमनी सलमावर काट मारली.

"न्हाय न्हाय, असं कसं!" मी ओरडलो.

बंडप्पांना राहवेना. "दोघांच्या पोरी बाहेर आन आमची आत? बरं दिसतंय का ते? अंबिकाला काढा!"

अंबिकावर काट!

मग मी सलमासाठी आग्रह धरला, जब्बारभाईंनी अंबिकासाठी, बंडप्पांनी पल्लवीसाठी, तिघांनी एकाच वेळी. "सलमा माझीच समजा!" "मग पल्लवी माझी!" "तो अंबिका किसकी?"

मॅडमनी पेन खाली घेतलं. "पाच राहिल्या. आणि सलमाचे वडील नक्की कोण?"

तेवढ्यात पल्लवी धापा टाकत आली. गुडघ्यापर्यंत माती.

"मॅडम, जागा माझी हाय. पप्पांनी ती दिलीच कशी? मला खेळायचंय."

एवढं साधं वाक्य आम्हा तीन बापांना दोन दिवसांत सुचलं नव्हतं.

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "तिन्ही नावे परत घेते. उद्या सकाळी आठही मुली धावतील. पहिल्या सात खेळतील."

शनिवारी पल्लवी धावली. आठांत सातवी आली! आठवी पोरगी राखीव ठरली. मी घाईघाईने मॅडमना गाठलं. "मॅडम, लई बरं वाटलं. आता त्या आठवीचं पण कायतरी बघा की..."

मॅडमनी शांतपणे वही उघडली आणि शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं.

रविवारी सात जणी मैदानात उतरल्या. राखीव पोरगीसुद्धा दुसऱ्या डावात आत गेली. जब्बारभाई आणि बंडप्पा सावलीत खुर्च्यांवर बसले होते. पल्लवी चेंडू पोटाशी धरून पळताना मला अर्धीमुर्धीच दिसली, कारण मी रस्त्यापलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा होतो. मॅडमच्या वहीत, शेवटच्या पानावर, तसा हुकूमच होता. अख्ख्या सामन्यात पूर्ण वेळ बाहेर बसवलेला मी एकटाच. आणि संघनिवड अगदी अचूक झाली, असं माझ्या बायकोचंही मत पडलं.