चिकटवलेली पानं

आमच्या वन्संच्या हाती डिंकाची बाटली आली की त्यांना वाटतं, जगातलं काहीही दुरुस्त करता येईल. मुलांच्या वाचनालयात त्या फाटकी पुस्तकं शिवतात, मी देवघेवीच्या टेबलावर बसते. नणंद-भावजय एका छताखाली नोकरी करतात आणि भांडत नाहीत, याचं लोकांना भारी नवल. भांडतो की! फक्त पुस्तकांवरून.

सात वर्षांपूर्वी एक आई तणतणत आली होती. गोष्टीतले आजोबा मरतात म्हणून तिची लेक दोन दिवस जेवली नव्हती. वन्संचा जीव हळवा. त्यांनी ती समोरासमोरची दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली, इतकी बेमालूम की मलाही पत्ता नाही. आता एका पानावर आजोबा खोकतात आणि पुढच्या पानावर नात एकटीच त्यांच्या कुंड्यांना पाणी घालते. मधलं सगळं गायब.

सोमवारी तेच पुस्तक मी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीला दिलं. नऊ वर्षांची पोर. शिंपी जाऊन तीन आठवडे झाले होते. वन्संना कळलं तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं.

मी भडकलेच. "अहो वन्सं, तुम्हाला पुस्तक दुरुस्त करायला ठेवलंय की गोष्ट?"

"तिला वाटेल गं, माणूस गेला तरी कोणी रडतसुद्धा नाही."

पुढचे तीन दिवस दार वाजलं की त्या सुई बोटात टोचून घेत. पुस्तक परत मागायला जावं, तर सांगायचं काय? दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन माघारी आल्या. राग होताच, पण दार वाजलं की मीही आधी तिकडेच बघत होते.

गुरुवारी दुपारी मुलगी आली. पुस्तक उघडून तिने टेबलावर ठेवलं.

"पानं चिकटलीयत. मी ओढली नाहीत, फाटली असती." मग म्हणाली, "आमच्या घरी पण असंच करतात. मी खोलीत आले की सगळे गप्प."

वन्संनी तिला शेजारी बसवलं. ओलं फडकं दाबत, बोथट सुरी कडेने सरकवत अर्धा तास खपल्या. पानं सुटली, पण खालच्या ओळी डिंकाबरोबर निघून आल्या.

"तिथे काय लिहिलं होतं?" मुलीने विचारलं.

वन्संना ते पाठ होतं. कोणी गेलं तर 'देवाघरी गेले' याच्या पुढे त्यांची जीभ कधी सरकली नव्हती.

"सकाळी आजोबा उठले नाहीत," त्या म्हणाल्या. "ते मेले होते. नात खूप रडली."

"माझे बाबापण मेले."

"हो बाळा. मेले."

मग ती रडली, हुंदके देऊन रडली, आणि आम्ही दोघींनी तिला एकदाही 'गप्प हो' म्हटलं नाही.