संत्र्याच्या पेट्यांवरची पंगत

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे करून आले. अशा माणसाने पाठीवर डाव्या पायाची लाथ मारली की भरलेली उसण निघते, अशी आमच्याकडे सगळ्यांची पक्की समजूत. लग्नाच्या बैठकीत माझी कमी उंची झाकायला आईने हा गुण सांगून टाकला. सत्तर सालाच्या आसपास मी नागपूरहून नरखेडजवळच्या एका गावात सून म्हणून गेले, तेव्हा माझ्या मॅट्रिकशी किंवा शिवणकामाशी कोणालाच देणेघेणे नव्हते. सगळ्यांचे डोळे माझ्या पायांवर.

अंगाची हळद उतरायच्या आत गिऱ्हाईक सुरू झाले. शनिवारी सकाळी ओसरीवर माणसे पालथी पडायची आणि मी पदर सावरत, देवाचे नाव घेत एकेकाला तीन लाथा घालायची. विहिरीवरचे इंजिन फिरवताना पाठ धरलेले, कापसाची ओझी वाहून कंबर गेलेल्या बाया, सगळे यायचे. एकदा तर एसटीचा कंडक्टर आला, बाहेर बस प्रवाशांसकट घुरघुरत उभी. खरे सांगू? मला मजा यायची. नव्या सुनेला घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती, पण अख्ख्या गावाला लाथा घालायची परवानगी होती.

फक्त एका माणसाला घालता येत नव्हती, ते म्हणजे माझे सासरे. बागेतल्या संत्र्यांच्या पेट्या उचलून उचलून त्यांची कंबर दहा वर्षे दुखत होती. निरगुडीचा पाला, विटेचा शेक, बिब्ब्याचे चटके, नागपूरच्या डॉक्टरने दिलेला पट्टा, सगळे करून झाले होते. त्यांना मांडी घालून बसता येत नसे. बाकीचे घर पाटावर ओळीने जेवायचे आणि घरचा कर्ता कोपऱ्यात संत्र्याच्या पालथ्या पेटीवर, ताट मांडीवर घेऊन. सगळ्यांबरोबर पंगतीत बसावे एवढीच त्यांची हौस होती, आणि ती ते तोंडाने सांगत नसत. पण सुनेने सासऱ्याला पाय लावायचा म्हणजे केवढे पाप! शनिवारी ते ओसरीच्या खांबाला टेकून दुसऱ्यांना बसणाऱ्या लाथा बघत राहायचे. मला फार वाईट वाटायचे.

तोडगा सासूबाईंनी काढला. एका शनिवारी त्यांनी सासऱ्यांना पालथे झोपवले, अंगावर जाड वाकळ टाकली आणि मला म्हणाल्या, "तू वाकळेले मार वं. खाली कोण हाय, तुले काय मालूम?"

मी हलकेच एक मारली. वाकळेखालून सासऱ्यांचा आवाज आला, "जोरानं मार वं बाई. वाकळेलेच लागून राहिलं, मले काहीच नाही."

हसू दाबत मी आणखी दोन ठेवून दिल्या.

दुपारी ते स्वयंपाकघरात आले, पाट ओढला आणि चक्क मांडी घालून बसले. "गेली," म्हणाले. "सुनेची लाथ म्हंजे लाथ हाय." सासूबाईंनी तिथल्या तिथे माझ्या पायाची दृष्ट काढली. मी भाजी वाढायला वाकले तेव्हा सासऱ्यांचे कपाळ घामाने डबडबलेले दिसले. जेवणे झाल्यावरही, सगळे उठून जाईपर्यंत ते उगाच बसून राहिले. मग भिंतीला धरून, दात आवळून उठले. ते मी दाराआडून पाहिले. माझ्या पायाची लाज राहावी म्हणून हा माणूस सगळ्यांदेखत खोटे बोलला होता. मला रडू आले, आणि त्यांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मी सगळे पाट माळ्यावर टाकले आणि संत्र्याच्या सहा पेट्या एका ओळीत पालथ्या मांडल्या.

"काहून वं, पाट कुठी गेले?" सासूबाई ओरडल्या.

"मले खाली बसून जमत नाही, आत्याबाई," मी म्हटले. "माहेरी आम्ही टेबलावर जेवत होतो." माहेरी टेबल सोडा, धड स्टूलही नव्हते.

सासऱ्यांनी पेट्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. ओळीतल्या मधल्या पेटीवर बसले आणि पोटभर जेवले.

त्यांची कंबर शेवटपर्यंत दुखली, पण कोपऱ्यात ते पुन्हा कधी जेवले नाहीत. आमची ती पंगत पाहून गावात कोणी हसलेच, तर ते गंभीर चेहरा करून सांगायचे, "काय करता गा, सून नागपूरची हाय. तिले खाली बसता येत नाही. समजून घ्या लागते."