विसळलेली सुई

इथिलीन हा वायू. त्याचं प्लास्टिक करायचं, एवढंच माझं पीएच.डी.चं काम होतं. जगात हे प्लास्टिक रोज डोंगराएवढं तयार होतं, आणि चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात मला ते दोन वर्षांत चिमूटभर जमलं नव्हतं.

माझ्या वाट्याला निकेलचं संयुग आलं होतं. मधे निकेलचा एक अणू आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरून बसलेला एक मोठा रेणू. ते मी स्वतः बनवायचो. अ‍ॅल्युमिनियमच्या एका तापट द्रवानं त्याला जागं करायचं, की मग इथिलीनचे रेणू एकामागून एक निकेलपाशी येतात, एकमेकांना जोडले जातात आणि साखळी वाढत जाते. निदान पुस्तकात तरी तसंच होतं. माझ्या फ्लास्कमध्ये द्रावण काळपट पडायचं आणि तळाशी काहीही नसायचं.

कारण सगळ्यांना माहीत होतं, ओलावा. ही संयुगं जावयाच्या जातीची. सगळा मानपान नीट झाला तरी पाण्याच्या एका थेंबावरून रुसतात आणि पुन्हा उठत नाहीत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ओलावा शोधून सापडत नाही. खिडकीत कोळशाची धूळ तेवढी सापडते. पण माझ्या फ्लास्कला तो बरोबर सापडायचा. मी नायट्रोजनचं सिलिंडर बदललं, नळ्या बदलल्या, सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा गाळून उकळून कोरडं केलं. शेवटी गाइड म्हणाले की तुझ्या हाताला यश नाही, आणि जूनपर्यंत पॉलिमर दिसलं नाही तर नोंदणी रद्द होईल.

लॅबमध्ये एक अटेंडंट बाई होत्या, कंत्राटावर. विद्यार्थी येत-जात, बाई तिथंच. प्रयोगाच्या वेळी माझे डोळे फ्लास्कवरून हलत नसत. अ‍ॅल्युमिनियमचा द्रव आत सोडायची वेळ आली की मी नुसता उजवा हात मागे करायचो आणि बाई तळव्यावर काचेची सिरिंज ठेवायच्या, भट्टीत वाळवून बंद बरणीत गार केलेली. लांब सुईमुळे त्या सबंध सिरिंजलाच सुई म्हणत. त्यात कधी चूक झाली नाही की क्षणाचा उशीर झाला नाही.

एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला बाई पंधरा दिवस गावाकडे जात. त्या नसल्या की लॅबमधली एकही वस्तू कुणाला सापडत नसे, म्हणून मीही गावाकडे निघालो. त्यांचं गाव धानोऱ्याच्या वाटेवर, माझं त्याच्या पुढे. या, या म्हणून त्या नेहमी सांगायच्या. या वेळी मी उतरलो. खरं कारण असं की मला घरी लवकर पोचायचं नव्हतं. घरचे विचारणार होते, झालं का?

अंगणात निळ्या ताडपत्रीवर मोह वाळत घातला होता. बाईंनी ताडपत्रीकडे बोट दाखवून विचारलं की तुम्ही हेच बनवून राह्यले ना? मी म्हटलं, जवळपास हेच. हे तर बाजारात मिळतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पाण्याचा लोटा आणला. पितळेचा, घासून लख्ख केलेला. माझ्यासमोर त्यात घोटभर पाणी ओतलं, फिरवलं, अंगणात फेकलं आणि मग भरून हातात दिला. यात नवल काही नाही, माझी आईही तसंच करते. आमच्याकडे भांडं कितीही स्वच्छ असो, विसळल्याशिवाय माणसाच्या हातात देत नाहीत. दिलं तर त्याला मान दिला नाही असं होतं. मी अर्धा लोटा प्यायलो आणि थांबलो.

"बाई, ते सुई मले देता, ते बी विसळून देता का?"

"मंग? तशीच कशी देऊ माणसाच्या हातात?" बाई म्हणाल्या. "पाण्यानं नाई, अ‍ॅसिटोननं. तेवढं समजते मले."

अ‍ॅसिटोन बघता बघता उडून जातं, त्यामुळे सुई कोरडी दिसते. पण बाटलीतल्या अ‍ॅसिटोनमध्ये पाणी असतंच, आणि सुईच्या पोटात राहिलेला थेंब माझ्या निकेलला पुरेसा होता. दोन वर्षं दर वेळी मला असा मान मिळत होता. मी उरलेलं पाणी प्यायलो. बाईंना एवढंच सांगितलं की आता नवीन पद्धत आली आहे, सुई विसळायची नाही. त्यांना ते पटलं नाही, पण बरं म्हणाल्या.

परत आल्यावर तोच प्रयोग लावला. हात मागे केला. "तशीच देऊन राह्यली," असं बाई ओशाळून म्हणाल्या आणि सुई तळव्यावर आली. थोड्या वेळानं फ्लास्क गरम झाला. आतला ढवळणारा चुंबक जड झाला, अडखळला आणि थांबला. शिजलेल्या भातासारखा पांढरा गोळा त्याला धरून बसला होता. मला रडू आलं. दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

आता मुदतवाढ हवी होती, आणि दोन वर्षं काम का फसलं ते लेखी द्या असं गाइडनी सांगितलं. खरं लिहिलं असतं तर बाईंचं कंत्राट पुढे चाललं नसतं. मी लिहिलं, वापरण्याआधी सिरिंज मी अ‍ॅसिटोननं धूत होतो, चूक माझी. गाइडनी ते दोनदा वाचलं आणि ही चूक बी.एस्सी.ची पोरंही करत नाहीत असं म्हणून सही केली. कागद ऑफिसात पोचवायला मी बाईंकडे दिला. सगळे कागद त्यांच्याच हाती जात. त्यांना वाचता येतं की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तासाभरानं बाई परत आल्या. माझ्यासाठी ग्लास घेतला, विसळला, भरून टेबलावर ठेवला.

"कागद वाचला म्या, भाऊ. हे मले अंगणातच सांगाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "अन् दोन वर्षांत एक डाव तरी मांगं वळून पाह्यलं असतं, त दिसलंच असतं. म्या काई लपून नाई विसळलं."

चूक माझी, हे मी खोटं म्हणून लिहिलं होतं.