रफूवहिनींची बोटं

आमच्या गल्लीत रफूवहिनींचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि कोपऱ्यात नवरा. नवरा इस्त्री करतो आणि 'हं' म्हणतो. कोटाला पडलेलं भोक वहिनी असं बुजवतात की नंतर गिऱ्हाईकच ते शोधत बसतं. मीही एकदा शोधलं आणि चुकीच्या बाहीचं कौतुक करून आलो.

वहिनींच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा त्या डगमगल्या नाहीत. गोंधळ उडाला तो नंतर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली आहे. तरी वर केमो घेतलीत तर बरं. नुसत्या ऑपरेशनवर तुमच्यासारख्या शंभरातल्या ऐंशीजणी बऱ्या राहतात, केमोनं शहाऐंशी. मात्र बोटं बधिर होऊ शकतात, क्वचित कायमची."

बोटं! वहिनी धागा डोळ्यांनी कमी, बोटांनीच जास्त बघतात.

घरी येऊन त्यांनी डबा उपडा केला, शंभर बटणं मोजली आणि ढीग मांडले. ऐंशी, ज्यांना औषधाची गरजच नाही. चौदा, ज्यांना उपयोग नाही. मधे सहा, ज्या औषधामुळेच वाचतात.

"अहो, यातली मी कुठली?"

नवऱ्यानं इस्त्री उभी केली आणि सहांतलं एक चकचकीत बटण उचललं. "ही."

"कशावरून?"

"छान आहे."

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला लाडीगोडी सुचतेय!"

शेजारी म्हणून मी होतो, तशी नणंदही तिथंच होती. ती नसते कुठे? "वहिनी, डोळे मिटून केमो घेऊन टाक. माझ्या जावेनं घेतली, आता टुणटुणीत आहे."

"वन्सं, ती ऐंशींतलीच असली तर?"

नणंद उठून चहा ठेवायला गेली. हे दृश्य मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

मी म्हटलं, "सुरू तर करा, पुढचं पुढे." तर माझ्यावरच घसरल्या. "भाऊजी, अर्ध्यात सोडलेलं रफूकाम भोकापेक्षा वाईट दिसतं. कापड आकसतं, धागे लोंबतात. हात घातला की शेवटपर्यंत न्यावंच लागतं." म्हणजे बाई औषधालाही रफूकामच समजत होत्या! तीन आठवडे असेच गेले. सकाळी हो, दुपारी नाही, संध्याकाळी नणंद.

शेवटी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, सोबत नवरा आणि मी. "मी त्या सहांतली आहे का, एवढंच सांगा."

"ते मलाही ठाऊक नाही. औषध घेऊन बऱ्या राहिलात, तरी त्यानंच राहिलात का, हे कधीच कळणार नाही."

"आणि मधेच बोटं गेली तर?"

"मुंग्या आल्या की लगेच सांगायचं. डोस कमी करू, औषध बदलू, नाहीतर थांबवू. घेतलेलं सगळंच वाया जात नाही."

"थांबवता येतं? मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

नवरा म्हणाला, "हं."

दोन डोस झाले. परवा तिसऱ्याच्या आधी वहिनींनी उजव्या अंगठ्याच्या मुंग्या सांगितल्या आणि डोस कमी झाला. बाहेर येऊन माझ्या नाकासमोर अंगठा धरून विचारतात, "भाऊजी, या खऱ्याच येतायत की भीतीनं?"

तेव्हापासून माझाही अंगठा वळवळतोय.