कळकाच्या बेटाचा चौकोन

मोबाइलवर हिरवे चौकोन होते, त्यात एकच तपकिरी. तो आमच्या घरामागच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाचा. कळकाला कैक वर्षांनी एकदा फुलोरा येतो आणि मग अख्खं बेट मरतं. आमच्या बेटाला गेल्या साली फुलोरा आला. तोडून टाकू म्हणून लेक मागे लागलाय. मी म्हणतो, कोंब येतील. चौथी शिकलोय, पण कळक मला कुणी शिकवू नये.

मोबाइल घेऊन आलेली मुलगी उपग्रहाच्या चित्रांवरून झाडांचा श्वास मोजते. पानं हवेतला कार्बन किती ओढतात, किती सोडतात, ते.

"आजोबा, इथे आत काहीच जात नाहीये. बेट मेलंय का?"

"वरून बघणाऱ्याला विचार की."

"वरून नक्की कळत नाही, म्हणून तर तुमच्या दारात आले."

आमची मंडळी गेली तेव्हा मी तिच्या नाकापाशी हात धरून बसलो होतो. हाताला काही लागत नव्हतं. रडू आलं नाही, बोललोही नाही. घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माणूस गेलेलं सगळ्यांना कळतं, पण ते कुणीतरी म्हणावं लागतं. मी म्हणेपर्यंत उजाडलं होतं.

मुलगी थांबली होती. बेटात वाळकी पानं वाजत होती.

"लिही, मेलंय," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"गेल्या चैत्रापासून."

तिनं लिहून घेतलं. लेक दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि कोयता आणायला आत गेला.