तळघरातला पंप

यजमान गेले, त्यांची पुस्तकं घोडेगावच्या घराच्या तळघरात आहेत. तिथं पावसाळ्यात पाणी झिरपतं, म्हणून खड्ड्यात पंप, आणि वीज गेली तर बॅटरी. ती तपासायला दरवर्षी जुन्नरहून एक मिस्त्री येतात. मेन स्विच पाडतात, खड्ड्यात बादल्या ओततात आणि पाइपावर हात ठेवून डोळे मिटून बसतात.

यंदा पंप लगेच सुरू झाला. मी म्हटलं, "चालतोय की."

"पयली पाच मिंटं मरायला टेकलेली बॅटरीबी पळती, ताई. बसा गप."

विसाव्या मिनिटाला पंप थांबला. बाहेर आभाळ भरून आलं होतं. त्यांनी स्वतःच्या व्हॅनची बॅटरी काढून जोडली. पंप पुन्हा सुरू झाला.

"अहो, आणि तुमची गाडी?"

"गाडी भिजली तर सुकती. कागद न्हाई," म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.