यादीत नसलेला शब्द

१ जानेवारी १९५९ रोजी स्पॅनिश भाषेच्या अकादमीचे नवे लेखननियम बंधनकारक झाले आणि 'फ्वे' (गेला), 'द्यो' (दिले) अशा, एकाच तुकड्यात उच्चारल्या जाणाऱ्या काही शब्दांच्या डोक्यावरचे, जोर कुठे द्यायचा ते दाखवणारे आघातचिन्ह गेले. त्याच आठवड्यात छापखान्यातल्या एका मुद्रितशोधकाने थोरल्या बहिणीला विचारले, "ताई, एवढी चिन्हं एका फटक्यात घरी बसली. त्यांच्या पेन्शनचं काय?"

"तू आधी मान खाली घाल आणि तपास."

ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची, तो प्रूफ तपासायचा. ओळ संपताना लांब शब्द कुठे तोडायचा हे त्याला ऐकूनच कळावे, म्हणून ती शब्दाची फोड करत प्रत्येक तुकड्याला पेन्सिलीचा ठोका द्यायची. आघाताच्या जागी जोरात. सव्वीस वर्षे दोघे एकाच टेबलाला चिकटून होते.

मग एका सकाळी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. बहिणीने त्याला आपल्या दोन खोल्यांत आणले आणि पेन्सिल काढली. का-सा, म्हणजे घर: पहिला ठोका जोरात. बेन-ता-ना, खिडकी: मधला जोरात. पाच महिन्यांत एकेचाळीस शब्द परत आले, पण तिने ठोके दिले तरच. प्रत्येक शब्द तिने तारखेसह वहीत उतरवला.

त्याच्या मुलाला हा पोरखेळ वाटायचा. "आत्या, उद्या तूच अंथरूण धरलंस तर? शुश्रूषागृहात जागा मिळतेय."

"त्याला विचारलंस?"

"काय विचारू? तू टकटक केल्याशिवाय ते हूं की चूं करत नाहीत."

प्रकरण समाजकल्याण कार्यालयात गेले. "इच्छा त्यांनी स्वतः सांगायची," अधिकारी म्हणाले. "बाई, पेन्सिल इकडे द्या. हात टेबलावर ठेवा, मला दिसतील असे."

तिने पेन्सिल दिली आणि दोन्ही पंजे उपडे ठेवले.

"कुठे राहायचंय तुम्हाला?"

अधिकाऱ्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मुलगा बुटांकडे पाहू लागला. तेवढ्यात भावाचा डावा हात गुडघ्यावरून उठून टेबलावर आला. एक ठोका जोरात, एक हलका.

"का... सा."

"कुणाचं घर? मुलाचं?"

हात पुन्हा उठला. हलका, जोरात, हलका.

"एर... मा... ना."

बहीण. अधिकाऱ्यांनी उत्तर लिहून घेतले आणि पेन्सिल परत केली.

तो शेवटपर्यंत, आणखी तीन वर्षे, तिच्याकडेच राहिला. वही उपलब्ध आहे. 'का-सा' पहिल्याच पानावर आहे. 'एर-मा-ना' कुठेही नाही. स्वतःचे नाते आपणच वदवून घेणे तिला पटत नव्हते, म्हणून तिने तो शब्द घेतलाच नव्हता. मुलगाही म्हणतो, मी शिकवला नाही. भावाने तो एकट्याने कधी घोटला, किती दिवस घोटला, याची नोंद सापडलेली नाही.